दौलताबादच्या अंधारीत ताई खाली बसली

वेरूळ कसं वाटलं, असं परतल्यापासून सगळे विचारतात. मी कैलास लेण्याबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि तिसऱ्या वाक्याला दवाखान्यात पोचतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा काहीतरी लपवतोय, नाहीतर वाढवून सांगतोय. म्हणून एकदा सलग लिहून काढतोय. संभाजीनगर पाहिलं नसेल त्यांनी जरूर जावं. माझ्या भीतीचा दोष त्या गावाला देऊ नये.

आम्ही दोघंच निघालो होतो. मी आणि माझी थोरली बहीण. दापोलीत तिचं घर आमच्या घराच्या मागच्याच आळीत आहे. तिची मुलगी मंजिरी लग्न होऊन बजाजनगरला गेली, जावई वाळूजच्या एका कारखान्यात आहे. लेकीचा संसार बघायचा आणि वेरूळ बघायचं, असं ताईच्या मनात फार दिवसांपासून होतं. तिला संधिवात आहे. बोटांची पेरं सुजतात, सकाळी उठताना गुडघे धरतात. त्यावर ती काही वर्षं रोज गोळ्या घेते, एवढं मला ठाऊक होतं. कसल्या गोळ्या, ते मी कधी विचारलं नव्हतं, आणि तिला विचारलेलं आवडतही नसे.

बजाजनगर

पुण्याहून येणारी बस शहरात शिरायच्या आधीच वाळूजला सोडते. ऑक्टोबरचं ऊन होतं. आमच्याकडे ऊन घामाबरोबर येतं, इथं ते कोरडं, थेट टाळूवर. एकसारख्या घरांच्या गल्ल्या, प्रत्येक दारात मोटारसायकल, आणि पाळी सुटली की डबे हातात धरून घरी परतणारी माणसं. कुणी लातूरचं, कुणी बिहारचं, कुणी बीडचं. समुद्र नाही, नारळ नाही, पण शेजारपाजार मात्र आमच्यासारखाच, दार न वाजवता आत येणारा.

मंजिरीचे सासरे गावाहून खास आम्हाला भेटायला आले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. घराणं धनगराचं. दौलताबादच्या अलीकडे एका वस्तीवर थोडी जमीन आहे, थोडी मेंढरं अजून आहेत, आणि धाकटा मुलगा ती बघतो. आबा उंच, वाळलेले, बोलायला कमी. जेवताना मात्र त्यांचा आग्रह भयंकर. ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर कच्चं तेल. आमटी जिभेला लागली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्या कुळथाच्या पिठल्याची ही थोरली, तापट बहीण.

ताईनं अर्धी भाकरी चिवडली आणि ठेवून दिली. प्रवासानं तोंड कडू झालंय म्हणाली. मंजिरीनं काळजीनं बघितलं, पण आबांच्या देखत काही विचारलं नाही.

वेरूळ

दुसऱ्या दिवशी जावयाला सुटी नव्हती, म्हणून आबांनी ओळखीची एक गाडी आणली आणि स्वतःच चालवायला बसले. छावणी ओलांडून पडेगावाच्या बाजूनं निघालं की शहर हळूहळू सुटतं. रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या लागतात. दौलताबादचा किल्ला डावीकडे उभा राहतो, कुणी डोंगर तासून उभाच ठेवल्यासारखा. मग खुलताबादचा घाट, आणि पलीकडे वेरूळ.

कैलास लेण्याबद्दल मी काय लिहावं. आधी आम्ही खालून आत गेलो आणि मग मी एकटा कडेच्या वाटेनं वर चढलो. वरून बघितलं तेव्हा मी एक पाऊल मागे सरलो. अख्खं देऊळ पायाखाली, एका दगडातून कोरलेलं, कळसापासून खाली कोरत नेलेलं. ज्यानं पहिला घाव घातला असेल त्याला तळ दिसणार नाही हे माहीत असणारच. कठडा नाही अशा जागी एक जोडपं फोटो काढत होतं, तिकडे मला बघवेना. मी उतरून आलो.

ताई अंगणातल्या दगडी हत्तीच्या सावलीत बसली होती. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते देऊळ समोर, आणि ती जमिनीकडे बघत होती. उभी राहताना तिला घेरी आली आणि तिनं मंजिरीचा खांदा धरला. गुडघे फार दुखतायत, म्हणून सकाळी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी घेतली होती, असं तिनं सांगितलं. आदल्या दिवशीही दोन वेळा घेतली होती. परत फिरू या, असं मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. आलोय तर बघून घेऊ, पुन्हा कोण येतंय, असं म्हणत ती आणखी दोन लेणी चालली. संध्याकाळी घरी येऊन ती न जेवता झोपली. ऊन लागलं असेल, असं आम्ही सगळ्यांनीच म्हटलं. ते म्हणणं सोपं होतं.

दौलताबाद

सकाळी तिला जरा बरं वाटत होतं. चहा घेतला, निम्मा ओकला, पण तोंड धुऊन हसून म्हणाली की आता हलकं वाटतंय. किल्ला आबांच्या वस्तीच्या वाटेवरच होता. किल्ल्याचा पायथा बघायचा, मग वस्तीवर जेवण, असं ठरलं होतं. वर चढायचं नाही, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

पायथ्याचे दरवाजे एकामागून एक येतात आणि प्रत्येक दरवाजानंतर वाट मुद्दाम वळते. मोठमोठे खिळे ठोकलेली दारं, हत्तीनं टक्कर देऊ नये म्हणून. शत्रूला दमवण्यासाठी आणि घाबरवण्यासाठी बांधलेली जागा आहे ती, आणि इतक्या शतकांनंतरही तिचं काम चालू आहे. खंदकावरच्या पुलापाशी आलो तेव्हा परत फिरायला हवं होतं. पण पलीकडे ती प्रसिद्ध अंधारी होती, डोंगराच्या पोटातून वर जाणारा वळणावळणाचा काळोखा बोगदा, आणि ताई म्हणाली, तेवढीच बघू. मंजिरी पुलापाशीच थांबली.

आत दोन वळणांत उजेड संपला. वटवाघळांच्या लेंडीचा उग्र वास होता. पुढे एका वाटाड्याच्या हातात पलिता होता, त्याच्यामागे शाळेची सहल, तिच्यामागे आबा, मग मी. ताईचा हात माझ्या हातात होता. तो गार होता आणि चिकट घामानं ओला. पलिता वळणाआड गेला, मुलं ओरडली, मला काही दिसेना, आणि त्या क्षणी तो हात सुटला.

मी हाक मारली. मागून येणारी माणसं मला ढकलत पुढे गेली. मी वाकून पायऱ्यांवर चाचपू लागलो. हाताला आधी साडी लागली, मग तिचा गुडघा. ती भिंतीला टेकून बसली होती. मोबाइलचा दिवा लावला तर तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि ओठांच्या कडेला काळपट काहीतरी लागलं होतं, कॉफीच्या गाळासारखं. पुढ्यातल्या पायरीवरही तेच. ते पोटातलं रक्त आहे हे मला लगेच कळलं, आणि कळलं नाही असं मी स्वतःला सांगत राहिलो.

"शिरू," ती म्हणाली, "पोट कुणी आतून पिळतंय."

आबा परत फिरून आले. त्यांनी एकदा दिव्यात तिच्याकडे बघितलं, डोक्याचं मुंडासं सोडून माझ्या हातात दिलं, आणि तिच्यासमोर पाठ करून बसले.

"द्या माझ्या पाठीवर, पाव्हणं. इचार करू नका."

मी तिला उचलून त्यांच्या पाठीवर दिलं, मुंडाशानं दोघांना मिळून बांधलं. व्याह्यानं विहिणीला पाठीवर घ्यायचं, हे आमच्याकडे स्वप्नातही कुणाला सुचलं नसतं. तिथं तो विचार कुणाच्या मनात आला नाही. ते पायरी पायानं चाचपत उतरत होते आणि मी मागून तिचं डोकं सावरत होतो. ती जिवंत आहे की नाही हे मला दर वळणावर तपासावंसं वाटत होतं आणि तपासायची हिंमत होत नव्हती. पुलावर उजेडात आल्यावर मंजिरीनं आईकडे पाहिलं. ती रडली नाही. तिनं धावत जाऊन गाडीचं दार उघडलं.

पडेगावचा रस्ता

येताना जो रस्ता छान वाटला होता तोच आता संपेना. पडेगावाजवळ रस्त्याचं काम चाललं होतं, एकाच बाजूनं गाड्या सोडत होते. ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढे, बसेस मागे. ताईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिला पुन्हा उलटी झाली, तीच काळी. माझी छाती इतकी धडधडत होती की तिच्या मनगटावर बोट ठेवलं तर नाडी तिची लागतेय की माझी, तेच समजेना. आबा उतरले, पुढे चालत गेले, आणि झेंडीवाल्या माणसाशी काहीतरी बोलले. त्यांना आवाज चढवताना मी पाहिलं नाही, पण त्या माणसानं समोरच्या गाड्या थांबवून आम्हाला काढून दिलं. आबा गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "लई चांगला माणूस हाय."

मंजिरी पुढच्या सीटवरून मागे वळून आईला सारखं बोलतं ठेवत होती. शाळेत डबा कुणाबरोबर खायचीस, घरातली मांजर कशी गेली, काहीही. ताई हं म्हणायची. मग हं म्हणणंही थांबलं.

दवाखाना

छावणीच्या पुढे एका खाजगी दवाखान्यात आम्ही पोचलो. तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. रक्तदाब इतका खाली होता की यंत्रानं दोनदा आकडा दाखवलाच नाही. सलाईन सुरू झालं, रक्ताचे नमुने गेले. डॉक्टरीणबाईंनी ताईची सुजलेली बोटं उचलून पाहिली, मग गोल फुगीर गाल पाहिले, आणि कानाशी वाकून विचारलं, संधिवाताला काय घेता. ताईनं नाव सांगितलं. चालू आहे का, असं विचारल्यावर ती डोळे मिटून म्हणाली, "बंद केल्या. पोट जाळतात म्हणे."

तेव्हा आम्हाला कळलं. शेजारच्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की स्टिरॉइडच्या गोळ्यांनी पोटाला भोकं पडतात. लेकीच्या घरी जाऊन आजारी पडायला नको म्हणून निघायच्या दोन-तीन आठवडे आधी तिनं त्या एकदम सोडल्या होत्या. मग सांधे भडकले, म्हणून दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्या.

डॉक्टरीण मला पडद्याबाहेर घेऊन आली. म्हणाली, त्याच जातीचं औषध आत्ता शिरेतून द्यायचंय, लगेच.

मी तिथं ताठ झालो. आतून रक्त पडतंय, आणि ज्यानं पोट जळतं तेच देताय, असं मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. ही पोर चुकतेय आणि माझ्या होकारानं माझी बहीण मरणार, असं मला स्वच्छ दिसत होतं. मंजिरी माझ्या तोंडाकडे बघत होती. आबा भिंतीला टेकून उभे.

डॉक्टरीणबाईंना चिडायला कारण होतं, पण त्या चिडल्या नाहीत. त्यांनी माझा थरथरणारा हात बघितला.

"तुम्ही आत्ता किती घाबरलाय? तुमच्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी आहेत. आत्ता त्या कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक ओततायत, तुम्हाला न विचारता. रक्तदाब तेच धरून ठेवतं, आणि अशा वेळी पोटाचं अस्तरही सांभाळतं. त्यांच्या ग्रंथी गोळ्यांमुळे कित्येक वर्षं झोपल्यात आणि गोळ्या बंद आहेत. त्यांच्याकडे ते नाहीच. ते आपण बाहेरून देतोय. पोटाचं औषधही सोबत देतोय."

मला सगळं कळलं असं नाही. एवढं कळलं की माझ्या अंगात जे धावतंय ते तिच्या अंगात नाही. "द्या," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी पुन्हा नको म्हणावंसं वाटलं. तोवर त्या पडद्याआड गेल्या होत्या.

ती दुपार मी कशी काढली सांगता येणार नाही. बाहेर बाकावर आबा माझ्याशेजारी बसले होते. त्यांनी कुठून तरी चहा आणला, माझ्या हातात दिला, तो गार झाला, त्यांनी दुसरा आणला. एकदा म्हणाले, त्यांच्या एका मेंढीला वाघरानं, म्हणजे बिबट्यानं, धरलं होतं, जखम बारीक होती, तरी ती मेली. मग त्यांना वाटलं असावं की हे आत्ता सांगायला नको होतं, आणि ते आणखी एक चहा आणायला उठले. पडद्याआडून यंत्राचा आवाज येत होता. तो थांबेल की काय, या धास्तीनं मी तो मोजत बसलो, आणि मोजतानाच चुकत राहिलो.

ऊन उतरायच्या सुमाराला मंजिरी बाहेर आली. रक्तदाब चढला होता. आईनं डोळे उघडले आणि पहिली गोष्ट विचारली, आबांचं मुंडासं खराब झालं का. मंजिरी हे सांगताना हसली आणि मग तिथंच जमिनीवर बसून रडली. आबा म्हणाले, "धुता येतंय की."

दुसऱ्या सकाळी दुर्बिणीतून पोट तपासलं. भोक नव्हतं. अस्तरावर जागोजागी खरचटल्यासारखे ओरखडे होते, त्यांतून रक्त झिरपलं होतं. डॉक्टरीणबाई मग सावकाश बसून बोलल्या, कारण मी प्रश्न विचारणं थांबवत नव्हतो. जीव धोक्यात आला की, त्यांनी सांगितलं, शरीर पोटाकडचं रक्त ओढून हृदयाला आणि मेंदूला देतं. पोटाचं अस्तर उपाशी पडतं, आणि त्यातलं आम्ल तर तिथंच असतं. गंमत म्हणजे रक्त परत येतं तेव्हाही इजा होते, उपाशी भिंत त्या लोंढ्यानं आणखी सोलवटते. घाबरल्यावर येणारं कॉर्टिसॉल त्या काळात अस्तराचं रक्त जमेल तेवढं टिकवतं, वरचा बुळबुळीत थर राखतं, पोटाचं पिळणं कमी करतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय, माणसात नेमकं किती, ते त्या ठामपणे सांगणार नाहीत. ताईच्या बाबतीत दुखण्याच्या गोळ्यांनी आधीच तो थर पातळ केला होता, उन्हानं आणि उलट्यांनी रक्त ओसरलं, आणि राखणारं घरात नव्हतं.

"मग त्या गोळ्यांनी पोट जळतं म्हणतात ते खोटं?" मी विचारलं.

खोटं नाही, त्या म्हणाल्या. फार दिवस, जास्त मात्रेत, त्यातही दुखण्याच्या गोळ्यांसोबत घेतल्या तर त्रास होतोच. म्हणून त्या कमी करायच्या, पण हळूहळू, डॉक्टरांच्या हातानं, म्हणजे झोपलेल्या ग्रंथींना जागं व्हायला वेळ मिळतो. तोवर ताप आला, दात काढायचा झाला, अपघात झाला, तर मात्रा वाढवावी लागेल. उलटी होऊन गोळी पोटात ठरली नाही, तर इंजेक्शनसाठी थेट दवाखाना.

ताई ऐकत होती. तिनं एकच विचारलं, की जागं व्हायला किती दिवस. महिने लागतील, कधी त्याहून जास्त, असं उत्तर आलं. ती पलीकडे तोंड करून पडली. तेव्हा मी तिला प्रथमच घाबरलेली पाहिली.

परत

सुटी मिळाल्यावर काही दिवस आम्ही बजाजनगरलाच राहिलो. मंजिरी आईला मऊ भात आणि ताक देत होती, आणि आबा वस्तीवरून रोज काहीतरी पाठवत होते, जे ताईला चालत नसे आणि मला खावं लागे. एका संध्याकाळी ते स्वतः आले, धुतलेलं मुंडासं बांधून. ताई उठून बसली, त्यांना नमस्कार केला. मग म्हणाली की तुमच्या पाठीला फार त्रास झाला असेल.

"नाय वो," आबा म्हणाले. "तुमी लई हलक्या होता. त्याचंच भ्या वाटलं मला."

निघायच्या दिवशी वाळूजला बस जरा उशिरा आली. मंजिरीनं आईच्या पिशवीत गोळ्या, पाण्याची बाटली आणि बिस्किटं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली, मग सगळं काढून पुन्हा ठेवलं. बस सुटली तेव्हा ती हात हलवत उभी होती आणि आबा नुसते उभे होते.

नगर मागे पडल्यावर एका वळणावर समोरून मालट्रक अंगावर आला. चालकानं ब्रेक मारला, सगळे पुढे आदळले, कुणाची तरी पिशवी वरून पडली. कुणाला काही झालं नाही. पण माझी छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले, आणि मी ताईचं मनगट घट्ट धरून बसलो. ती माझ्याकडे बघत राहिली. दुपारच्या गोळीची वेळ झाली होती. तिनं हात सोडवून घेतला, बिस्किट खाल्लं, गोळी पाण्याबरोबर गिळली.

"घाबरलास?"

"हो."

"घाबर हो. तुझं पोट तरी नीट राहील."

मग तिनं खिडकीच्या काचेला डोकं टेकलं आणि ती झोपली. मी दापोली येईपर्यंत डोळा मिटला नाही. तिच्या श्वासानं काचेवर वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती, आणि ती धरली की मगच मी माझा श्वास सोडत होतो.